दारावरच्या काकू

काकूंना पहिली नोकरी लागली तेव्हा त्यांचे निम्मे केस पांढरे झाले होते आणि चष्म्याचा नंबर दोनदा बदलून झाला होता. या वयात लोक निवृत्तीच्या गोष्टी करायला लागतात. काकूंच्या घरी तर निवृत्त माणूस आधीच हजर होता. छापखाना बंद पडला तसे नवरोबा घरी येऊन बसले, ते खुर्चीतच. सकाळी वर्तमानपत्र उघडायचं, आपल्या छापखान्यात याहून किती सुबक छपाई व्हायची ते भिंतीला सांगायचं आणि रिकामा कप टेबलावर ठेवून द्यायचा. टेबलावरून कप आपोआप नाहीसा होतो अशी त्यांची लग्नापासूनची समजूत होती, आणि ती खोटी ठरेल असं काकूंनी कधी काही केलं नव्हतं.

नोकरीचं कळलं ते शेजारच्या शिवणवाल्या बाईकडून. ती एका टीव्ही मालिकेचे कपडे शिवायची. “दारावर उभं राहायला माणूस हवंय त्यांना,” ती म्हणाली. “कोणी टिकत नाही. बघता का?”

काकू पटकन हो म्हणाल्या आणि मग रात्रभर आपण हो का म्हटलं याचा विचार करत बसल्या. नवरोबांना तर हसूच आवरेना. “अगं, सगळी विशी-बाविशीतली पोरं असतात तिथं. तू काय करणार? आठ दिवसांत परत येतेस की नाही बघ.” मुलगी दुसऱ्या शहरात नोकरीला होती, ती फोनवर म्हणाली, “जा आई, बिनधास्त जा. नाही जमलं तर नाही जमलं.” नवऱ्याचं बोलणं काकूंना लागलं. मुलीचंही जरा लागलंच. न जमण्याची तयारी दोघांनीही त्यांच्या वतीने करून ठेवली होती.

मालिकेचं शूटिंग एका जुन्या गोदामात चालायचं. बाहेरून पत्रे गंजलेले, आत मात्र एक खातंपितं घर उभं. पण काय घर! भिंती तीनच, चौथ्या बाजूला कॅमेरे. जिना वर जायचा आणि प्लायवूडला धडकून थांबायचा. खिडकीबाहेर रंगवलेलं झाड, त्यामागे सूर्य म्हणून एक दिवा. कपाटातल्या पुस्तकांना नुसत्या पाठी, पानंच नाहीत. काकूंनी पहिल्या दिवशी हे सगळं फिरून पाहिलं आणि त्यांना सगळ्यांत जास्त काय खटकलं असेल तर सोफ्यामागची धूळ.

तिथल्या शिडीत काकूंची पायरी सगळ्यांत खालची. कलाकारांना रंगभूषेच्या खोलीतून बोलावून आणायचं, कोणाची छत्री धर, कोणाला पाणी दे, आणि मुख्य काम दारावरचं. दारावरचा लाल दिवा लागला की आत चित्रण सुरू झालं असं समजायचं. मग आतलं कोणी बाहेर नाही, बाहेरचं कोणी आत नाही, आणि आवाज तर कुठूनच नाही. “पहिला महिना बघू,” व्यवस्थापक म्हणाले होते. “जमलं तर ठेवू.”

पहिल्याच सकाळी तिथल्या एका चष्मेवाल्या मुलीने त्यांना नियम समजावून सांगितला. “काकू, सेटवरच्या कशालाही हात लावायचा नाही. रुमाल पडला तरी पडू द्यायचा. आपण एकच प्रसंग आधी या बाजूने घेतो, मग त्या बाजूने. मध्ये तास जातात. पण बघणाऱ्याला ते एकच मिनिट वाटलं पाहिजे. कप इथे होता तर इथेच. अर्धा होता तर अर्धाच.” वस्तू जिथल्या तिथे राहतायत ना यावर लक्ष ठेवणं हेच तिचं काम, आणि त्यासाठी ती दिवसभर फोटो काढत फिरायची. काकूंनी मान डोलावली. कळलं होतं त्यांना. अगदी नीट कळलं होतं, हे पुढच्या गोष्टीसाठी लक्षात ठेवायला हवं.

आता दारावरच्या कामाचं सांगतो. काकूंच्या आधी तिथे जो कोणी उभा राही तो “सायलेन्स!” म्हणून एवढ्याने बोंबलायचा की त्याच्या बोंबलण्याचाच आवाज थांबायची वाट बघावी लागे. काकू ओरडल्याच नाहीत. लाल दिवा लागला की त्या दाराबाहेर येऊन उभ्या राहायच्या आणि ओठांवर बोट ठेवून समोर बघायच्या. बस्स. चहावाला पेले हातात धरून जागच्या जागी थांबायचा. सुतार हातोडी हळूच खाली ठेवायचे. फोनवर तावातावाने भांडणारा विजेचा माणूसही काकूंच्या नजरेला नजर भिडली की कोपऱ्यात जाऊन कुजबुजत भांडायचा.

हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. शिकवलं होतं म्हणायचं तर नवऱ्यानेच. छापखान्यात त्यांची कायमची रात्रपाळी. पहाटे घरी येऊन झोपायचे ते दुपार कलेपर्यंत. घर दोन खोल्यांचं, मूल लहान, आणि झोप इतकी सावध की चमचा वाजला तरी दचकून उठणार. वीस-बावीस वर्षं काकूंनी त्या घरात दिवसाढवळ्या रात्र सांभाळली. पातेल्यावर झाकण कसं ठेवायचं, म्हणजे ते वाजत नाही. दाराची कडी कशी उचलायची. नळाखाली फडकं कसं धरायचं, म्हणजे धार भांड्यात बोलत नाही. रडायच्या बेतात असलेल्या मुलीला नुसत्या डोळ्यांनी कसं थोपवायचं. गल्लीत चेंडू खेळणाऱ्या पोरांना एका बोटावर कसं पांगवायचं. त्याबद्दल घरात कोणी कधी चांगलं म्हटल्याचं काकूंना आठवत नव्हतं. शांतता दिसत नाही ना, त्यातली गत.

सेटवर मात्र एकाला ती ऐकू आली. तो म्हणजे ध्वनिमुद्रण करणारा. दिवसभर कानांवर हेडफोन, म्हणून सगळे त्याला कानसेन म्हणायचे. मोजकं बोलणारा, नाकासमोर बघून चालणारा माणूस. चौथ्या-पाचव्या दिवशी तो जाता जाता काकूंजवळ थांबला आणि म्हणाला, “काकू, हल्ली दारावर तुम्ही असता का?”

“हो. का? काही चुकलं?”

“नाही. बरं वाटतं कानाला,” तो म्हणाला आणि निघून गेला.

एवढंच. पण काकूंना त्या दिवशी घरी जाताना बसमध्ये उगाचच हसू फुटत होतं. आठ दिवस गेले, पंधरा गेले, आणि काकूंना ही नोकरी हवीहवीशी वाटायला लागली. नवऱ्याला दाखवून द्यायचं हे होतंच, खोटं कशाला बोला. पण खरं म्हणजे आपल्याला एक गोष्ट उत्तम येते आणि तिची जगात कुठेतरी गरज आहे, हे त्यांना पहिल्यांदा कळलं होतं. ते हातचं जाऊ नये एवढीच त्यांची इच्छा होती. महिना भरायला थोडेच दिवस उरले होते.

आणि नेमकी तेव्हा माशी शिंकली.

त्या दिवशी नाश्त्याच्या टेबलावरचं मोठं भांडण होतं. सगळं कुटुंब खाता खाता एकमेकांवर तुटून पडतं, मोठा मुलगा खुर्ची लाथाडून घर सोडून जातो आणि आई एकटीच टेबलाशी बसून रडते, असा प्रसंग. आईचं काम करणाऱ्या ज्येष्ठ अभिनेत्रीला सगळे मोठ्या बाई म्हणायचे. त्या सकाळी अशा काही रडल्या की दाराबाहेर उभ्या असलेल्या काकूंनीही पदराने डोळे पुसले. एका बाजूने सगळं घेऊन झालं आणि जेवणाची सुट्टी झाली. दुसरी बाजू सुट्टीनंतर. टेबल होतं तसंच सोडलेलं. अर्धवट चहाचे कप, कुस्करलेला पाव, उष्ट्या बशा, टेबलक्लॉथवर सांडलेल्या चहाचा डाग, आडवी पडलेली खुर्ची.

“काकू, जरा इथे बसता का?” चष्मेवाली मुलगी म्हणाली. “मी दोन घास खाऊन येते. टेबलाजवळ कोणाला फिरकू देऊ नका.”

काकू डोळ्यांत तेल घालून बसल्या. कोणी फिरकलं नाही. मोठे दिवे मालवलेले, गोदामात गार अंधार, कुठेतरी लांबून जेवणाऱ्यांचा हसण्याखिदळण्याचा आवाज. काकू बसल्या बसल्या मुलीचा विचार करायला लागल्या. काल फोनवर तिचा आवाज उतरलेला वाटत होता. आजारी असेल का? ऑफिसात काही बोललं असेल का कोणी? विचारलं की म्हणणार, काही नाही गं आई. हिला म्हणावं चार दिवस रजा काढ, ये इकडे...

भानावर आल्या तेव्हा त्यांच्या हातात शेवटची बशी होती.

खुर्ची सरळ झाली होती. कप सेटमागच्या नळावर धुऊन पालथे घातलेले. पावाचे तुकडे केराच्या डब्यात. डाग ओल्या फडक्याने पुसून काढलेला, आणि तोही असा निगुतीने की टेबलक्लॉथ नवा वाटावा. आणि हे सगळं, अर्थातच, कसलाही आवाज न करता.

 काकूंनी हातातली बशी इतर बशांवर ठेवली. तेवढ्यात सामानवाले मामा आले. सेटवरचं सगळं सामान त्यांच्या ताब्यात असायचं. त्यांनी टेबल पाहिलं आणि मटकन खालीच बसले. त्यांच्या मागोमाग चष्मेवाली आली, आणि तिच्या मागोमाग दिग्दर्शक, ज्यांच्या नाकावर राग कायम मुक्कामाला.

“मामा!” दिग्दर्शक कडाडले. “अहो, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? मागच्या महिन्यात फुलदाणी हलवलीत, तेव्हाच सांगितलं होतं. बस झालं आता. सामान दुसऱ्या कोणाच्या ताब्यात द्या आणि निघा.”

मामा उठून उभे राहिले. फुलदाणी त्यांनीच हलवली होती. आता कोण ऐकणार होतं त्यांचं?

काकूंना काहीच बोलायची गरज नव्हती. त्यांना आवरताना कोणी पाहिलं नव्हतं. राखणीला बसवलेली बाईच टेबल आवरेल, हा विचारही कोणाच्या मनात येणार नव्हता; फार तर मामांना अडवलं नाही म्हणाले असते. महिना भरायला दोन दिवस राहिले होते. तरीही काकू पुढे झाल्या आणि नेहमीच्या खालच्या आवाजात म्हणाल्या, “मामांनी नाही. मी आवरलं.”

“तुम्ही?” दिग्दर्शकांना ऐकलेलं खरंच वाटेना. “तुम्हाला कोणी सांगितलं?”

“कोणी नाही.”

“मग का?”

“हात गेला,” काकू म्हणाल्या. 

कोणीतरी मागे फिस्सकन हसलं. दिग्दर्शक हसले नाहीत. चष्मेवालीच्या फोटोंवरून बशा, पाव, खुर्ची सगळं पुन्हा मांडता आलं असतं, पण तो डाग कुठून आणणार? तसाच, तेवढाच, त्याच जागी चहा सांडायचा म्हणजे अशक्यच. टेबलक्लॉथ बदलायचा आणि सकाळचं सगळं पहिल्यापासून घ्यायचं, एवढाच मार्ग उरला. मोठ्या बाईंनी पुन्हा रडायचं.

“काकू, तुम्ही घरी जा,” दिग्दर्शक म्हणाले. ओरडून म्हणाले असते तर बरं झालं असतं.

काकूंनी पिशवी उचलली. दाराशी मोठ्या बाई भेटल्या. “पुन्हा रडवताय हो मला,” त्या म्हणाल्या, आणि म्हणाल्या हसूनच, पण काकूंना वर बघवलं नाही.

बस यायला वेळ होता. काकू गोदामाच्या पायरीवर पिशवी मांडीवर घेऊन बसल्या. दार बंद झालं, डोक्यावरचा लाल दिवा लागला. दारावर आता रंगभूषाकाराचा मदतनीस होता. “सायलेन्स!” तो आतून गर्जला. थोड्या वेळाने त्याचाच फोन वाजला. दिवा विझला. पुन्हा लागला. या खेपेला कोणाच्या तरी हातून ताट पडलं. दिवा विझला. दर वेळी आत मोठ्या बाई रडत असणार, डोळे पुसत असणार, पुन्हा पहिल्यापासून सुरू करत असणार. आपल्या हातांचे प्रताप, काकूंच्या मनात आलं. त्यांना तिथे बसवेना आणि उठून जाववेना.

दिवा परत लागला, आणि त्याच वेळी शेजारच्या सेटसाठी फळ्या घेऊन आलेला ट्रक फाटकातून धडधडत आत शिरला. दोघा हमालांनी फळ्यांची चळत खांद्यावर घेतली. आता ती धाडकन जमिनीवर पडणार.

काकू उठल्या. आपल्याला काढलंय हे त्यांच्या डोक्यातच नव्हतं. मुंगीच्या पावलांनी पण झपाझप त्या अंगण ओलांडून गेल्या आणि त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. हमाल फळ्या खांद्यावर घेऊन होते तसेच उभे राहिले. मागच्याचे गुडघे थरथरायला लागले तसं काकूंनी पिशवी खाली ठेवली आणि स्वतःचा खांदा फळ्यांखाली दिला. तिघं जण भर उन्हात तशीच उभी. आत मोठ्या बाई रडत होत्या. किती वेळ गेला कोण जाणे. काकूंचा खांदा सोलवटला, पण त्यांनी हूं की चूं केलं नाही.

दिवा विझला. आतून टाळ्यांचा आवाज आला. दार उघडलं आणि पहिला बाहेर आला तो कानसेन, हेडफोन गळ्यात लटकवलेले. समोरची तीन माणसं, फळ्या आणि काकूंचं ओठांवरचं बोट, हे सगळं तो बघतच राहिला. ते बोट काढायचं काकूंच्या लक्षातच आलं नव्हतं.

“तरीच,” कानसेन म्हणाला.

“मी निघालेच होते,” काकू ओशाळून म्हणाल्या. “बस यायची होती म्हणून...”

तो सरळ आत गेला. मितभाषी माणूस, पण आत जाऊन दिग्दर्शकांना काय बोलला ते मामांनी नंतर सगळ्यांना साभिनय करून दाखवलं. “ती बाई दारावर नसेल तर माझा राजीनामा घ्या,” असं म्हणे म्हणाला. मामांना तिखटमीठ लावून सांगायची सवय, तेव्हा यातलं अर्धं सोडून देऊ. पण दिग्दर्शक बाहेर आले हे नक्की.

“काकू,” ते म्हणाले, “तुम्ही दारावर राहा. पण आत पाऊल टाकलंत तर याद राखा.”

मामांनी लगेच दाराच्या आत जमिनीवर पिवळी पट्टी चिकटवली. काकूंची हद्द ती. अजून आहे ती पट्टी. झिजली की मामाच नवी लावतात. नवीन आलेल्या पोरांना वाटतं ती कॅमेऱ्यासाठी आहे. महिना भरला, वर्षं झाली, मालिका बदलल्या, काकू दारावर आहेत, आणि त्यांनी ती पट्टी एकदाही ओलांडलेली नाही. मला तर वाटतं, अशा चुकीनंतर तिथेच ताठ उभं राहायला मोठ्या मनाचं माणूस लागतं.

पण त्या दिवसाचं थोडं राहिलंच.

काकू घरी पोहोचल्या तेव्हा ऊन कलत होतं. खांदा ठणकत होता. नवरोबा खुर्चीत, समोर टेबलावर कप, कपाखाली चहाचं वर्तुळ, बाजूला बिस्किटाचा चुरा. काकूंचा हात पुढे गेला. आणि वाटेतच थांबला. त्यांनी तो मागे घेतला, समोरच्या खुर्चीत बसल्या आणि पाय लांब केले.

नवरोबांनी वर्तमानपत्रावरून पाहिलं. काकूंकडे पाहिलं, कपाकडे पाहिलं.

“कप आहे इथे,” ते म्हणाले.

“दिसतोय की.”

“मग?”

“मी नाही हात लावणार,” काकू डोळे मिटून म्हणाल्या. “आज एकदा लावला, तर नोकरी जात होती. आता कानाला खडा. ज्याचं सामान त्यानंच हलवायचं.”

“म्हणजे? काय झालं तिथं?”

“सांगते, अहो. जरा बसू तरी द्या.” आणि मग, झोपेने जड झालेल्या आवाजात, “ठेवलंय मला त्यांनी.”

वर्तमानपत्राची घडी घातल्याची सळसळ झाली.  मग खुर्ची सरकली. कप उचलला गेला. स्वयंपाकघरात नळ सुटला, पहिल्यांदा जोरात, मग एकदम बारीक. आता बशी वाजणार, काकू डोळे न उघडता वाट बघत राहिल्या. बशी वाजली नाही.

दारात शेजारचा लहानगा पावलं आपटत आला आणि मोठ्याने हाक मारणार, तेवढ्यात नवरोबांची चाहूल लागली. ते चवड्यांवर चालत होते.

“श्श,” ते दाराशी कुजबुजले. “काकू झोपल्यात. सकाळी परत कामाला जायचंय त्यांना.”